तीन बहिणींवरून आईचा शब्द कसा शोधायचा: कॉनलँगमध्ये नवीन आलेल्यांसाठी

कॉनलँग म्हणजे कोणीतरी बसून मुद्दाम बनवलेली भाषा, एवढं माहीत असलं तरी हा लेख वाचायला पुरे. त्यात एक प्रकार असा असतो की बनवणारा आधी एक जुनी भाषा बनवतो, मग तिच्यावर उच्चार बदलायचे नियम चालवून दोन-तीन नवीन भाषा काढतो आणि समोरच्याच्या हातात फक्त त्या नवीन भाषांचे शब्द देतो. जुनी भाषा म्हणजे आई, नवीन भाषा म्हणजे तिच्या लेकी, एकमेकींच्या बहिणी. आई बनवणाऱ्याच्या खिशात. समोरच्याने नवीन शब्दांवरून जुना शब्द परत उभा करायचा. आम्ही ठाणे-नवी मुंबईतले काही जण हे मनापासून करतो, कधी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसून, कधी ठाणे-वाशी लोकलमध्ये वही मांडीवर घेऊन, आणि नवीन येणारे बहुतेक जण दोनच ठिकाणी अडकतात. एकतर मतदान घेतात, म्हंजे तीनपैकी दोन भाषांत ग आहे ना, मग मूळ ग. नाहीतर जी भाषा कानाला जुनी वाटते तिलाच आई समजून मोकळे होतात. दोन्ही सवयी सुटल्या की बाकीचं काम सरावाने जमतं, म्हणून हा अख्खा लेख त्याच दोन गोष्टींभोवती फिरतोय.

वही, पेन आणि वर्णमाला

सॉफ्टवेअर नंतर, आधी वही घ्या. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी येत नसेल तरी चालेल, ती हळूहळू शिका, पण सुरुवातीला आपल्याकडे जी वर्णमाला आहे तिच्यासारखा नकाशा कुठे मिळणार नाही. क ख ग घ ङ एका ओळीत का आहेत, तर जीभ एकाच जागी लागते म्हणून. प आणि ब एका ओळीत का, तर दोन्हीला ओठ मिटतात म्हणून. आणि उभं बघितलं तर क च ट त प या पहिल्या रांगेत गळ्याला कंप नाही, ग ज ड द ब या तिसऱ्या रांगेत आहे. आता एखाद्या भाषेत क चा ग, त चा द आणि प चा ब झाला असेल तर ते तीन बदल नाहीत, तो एकच बदल आहे, पहिल्या रांगेतनं तिसऱ्या रांगेत उडी. शाळेत पाठ केलेला तक्ता पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सतत लागेल.

कोणते शब्द घ्यायचे

पाणी, हात, दगड, डोळा, रात्र, मासा. म्हंजे जे कोणाला बाजारातनं आणावे लागत नाहीत असे. बाजाराचे शब्द माणसांबरोबर फिरतात. बटाटा हा शब्द मराठी, गुजराती, कोंकणी सगळीकडे सापडतो म्हणून कोणी त्याला या भाषांच्या आईचा शब्द म्हटलं तर चुकेल, तो पोर्तुगीजांबरोबर जहाजातनं आलेला आहे. तसंच आई-बाबा टाईपचे आणि पक्ष्याच्या आवाजावरनं पडलेले शब्द पण बाजूला ठेवा, कारण एकमेकांशी नातं नसलेल्या भाषांतही ते सारखे निघतात.

आता खरा सराव. मी या लेखासाठी तीन भाषा बनवल्यात, नावं सोपी ठेवलीत: खाडी, डोंगर आणि बेट. प्रत्येक ओळीत आधी अर्थ, मग याच क्रमाने तीन शब्द. शेवटच्या अक्षराचा पाय मोडलाय तिथे स्वर नाही, हे लक्षात ठेवून मोठ्याने वाचा.

पाणी: कादि, केत्, कादि
हात: काबु, काब्, काबु
दगड: पेदा, पेत्, हेदा
मासा: सादि, सेद्, हादि
झाड: रोदा, रोत्, रोदा
डोळा: किरा, चिर्, किरा
माती: केना, चेन्, केना
वारा: कानि, केन्, कानि
होडी: पोगा, पोक्, होगा
रात्र: सोगा, सोग्, होगा
सूर्य: सुदा, सुत्, हुदा
मध: मोता, मोत्, मोदा

पुढे जायच्या आधी जमलं तर दहा मिनिटं स्वतः बघा. उत्तर खाली आहेच, पळून जात नाही.

पायरी १: अख्खा शब्द बघू नका, एकेक जागा बघा

नवीन माणूस कादि, केत्, कादि असे तीन शब्द बघतो आणि डोक्यात एकदम एक शब्द तयार करायला जातो. तसं नको. शब्द तोडून एकाखाली एक लावा: पहिलं व्यंजन क, क, क. पहिला स्वर आ, ए, आ. दुसरं व्यंजन द, त, द. शेवटचा स्वर इ, काही नाही, इ. असे चार मेळ निघाले. मग हाच मेळ दुसऱ्या कुठल्या शब्दात दिसतो का ते शोधायचं. द-त-द हा मेळ दगडात आहे, झाडात आहे, सूर्यात आहे. चार शब्दांत तोच मेळ म्हणजे योगायोग नाही. एकाच शब्दात दिसणाऱ्या मेळावर अजिबात भरवसा ठेवू नका, त्याला पेन्सिलीने गोल करा आणि पुढे चला. (मधाच्या ओळीला आत्ताच गोल करा, तिथे त-त-द आहे.)

इथे एक गोष्ट मनात पक्की करा, शब्द एकसारखे *दिसणं* महत्त्वाचं नाही, मेळ परत परत *येणं* महत्त्वाचं. हात, सात, आठ, कान हे मराठी शब्द पंजाबीत हत्थ, सत्त, अट्ठ, कन्न असे आहेत. दिसायला थोडे वेगळे, पण आपल्याकडे लांब आ आणि एक व्यंजन तर त्यांच्याकडे आखूड अ आणि जोड व्यंजन, दर वेळी, न चुकता. प्राकृतात हत्थ, सत्त असंच जोड व्यंजन होतं, ते पंजाबीने सांभाळलं, आपण एक व्यंजन टाकलं आणि त्याची भरपाई स्वर लांबवून केली. नियमितपणा तो हाच.

पायरी २: दोन मेळ दिसले की आधी अट शोधा

खाडी आणि बेटात द असताना डोंगरात कधी त् येतो (केत्, पेत्, रोत्, सुत्) तर कधी द् (सेद्). खाडीत ग असताना डोंगरात पोक् पण आहे आणि सोग् पण. आता दोन शक्यता. एक, आईकडे एकच ध्वनी होता आणि डोंगर भाषेत काहीतरी अट लागून तो दोन ठिकाणी फुटला. दोन, आईकडेच दोन वेगळे ध्वनी होते.

पहिली शक्यता आधी तपासायची, नेहमी. अट काय असू शकते? शेजारचा स्वर? सेद् आणि पेत् दोन्हीकडे ए आहे, पोक् आणि सोग् दोन्हीकडे ओ आहे, तर स्वर नाही. शेवटचा हरवलेला स्वर? पाणी आणि मासा दोन्हीच्या शेवटी खाडीत इ आहे तरी एकीकडे त् आणि एकीकडे द्, म्हंजे तेही नाही. मग शब्दाचं पहिलं व्यंजन? सेद् आणि सोग् दोन्ही स ने सुरू होतात, म्हणून वाटेल की स च्या मागे लागून द-ग होतं, आणि ही कल्पना बरीच गोड आहे, पण सुत् तिला मोडतो. अट सापडत नाही. म्हणून आईकडे त आणि द दोन्ही होते, क आणि ग दोन्ही होते, असं मानावं लागतं.

उलट अट *सापडली* तर किती सोपं होतं ते क आणि च मध्ये बघा. खाडी-बेटात क, डोंगरात कधी क तर कधी च. च कुठे येतो? चिर्, चेन्. म्हंजे इ आणि ए च्या आधी. काब्, पोक् मध्ये क तसाच. छान अट आहे, आईकडे फक्त क. फक्त केत् आणि केन् या नियमाला खोटं पाडतायत असं वाटतंय, ते पायरी चारमध्ये घेऊ, खोडू नका.

पायरी ३: दिशा ठरवा, आणि मतं मोजू नका

ही पायरी समजली की निम्मं काम झालं, त्यामुळे इथे जरा थांबूया.

त् आणि द् चा फरक फक्त डोंगरात आहे. खाडी आणि बेट दोघींकडे नुसता द. मतदान घेतलं तर द जिंकतो, दोन विरुद्ध एक. पण नुसत्या द पासून डोंगर भाषेने काही शब्दांत त् आणि काही शब्दांत द् कुठल्या हिशोबाने केले असते? अट तर नाही. कुठलीही बोलणारी पिढी बसून यादी करत नाही की माशाला द ठेवू आणि दगडाला त करू. फरक आपोआप *मिटू* शकतो, अटीशिवाय आपोआप *तयार* होत नाही. म्हणून जिच्याकडे फरक शिल्लक आहे तिची साक्ष धरायची, मग ती एकटी का असेना. खाडी आणि बेटाने दोन स्वरांच्या मधले प त क हे ब द ग केले, आणि ते आधीपासूनच्या ब द ग मध्ये मिसळून गेले.

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय ऐकायला मिळतं. घणसोली, दिवाळे, बेलापूरच्या गावठाणात आगरी-कोळी बोली ऐका. प्रमाण मराठीत डोळा, तिथे डोला. काळा तर काला. पाणी तर पानी. गाडी तर गारी, घोडा तर घोरा. आता मराठीतला ‘काळ’ आणि ‘काल’ दोन्ही तिथे काल होतात. समजा तुम्हाला फक्त ही बोली येते, तर ‘काल’ ऐकून तुम्ही सांगू शकाल का की प्रमाण मराठीत ळ असेल का ल? नाही सांगता येणार. पण ‘काळ’ ऐकून बोलीत काय होईल ते लगेच सांगता येतं. एका दिशेने नियम चालतो, उलट दिशेने अडतो, आणि जिथून चालतो ती बाजू त्या फरकाबाबत जुनी. शिवाय बघा, डोला मधला पहिला ड तसाच राहिला, त्याचा र झाला नाही, कारण र होतो तो दोन स्वरांच्या मधे. इथेही अट आहे.

यावरून प्रमाण मराठी ही आगरीची आई आहे असा अर्थ काढू नका, तसं नाहीये, दोघी बहिणी आहेत आणि ळ-ल चा फरक एकीने सांभाळला एवढंच. दुसऱ्या कुठल्या बाबतीत जुनं रूप बोलीकडे सापडू शकतं. आपल्या सरावात पण तेच आहे: व्यंजनांचा फरक डोंगरने जपला, पण शेवटचे स्वर डोंगरने सगळे टाकून दिले आणि ते खाडी-बेटाने जपलेत. कोणतीच बहीण सरसकट जुनी नसते. दर मेळाला नव्याने विचारायचं, हा फरक कोणी ठेवला?

आता बेटाचा ह घ्या. खाडी प, डोंगर प, बेट ह. आणि खाडी स, डोंगर स, बेट ह. होडी आणि रात्र बेटावर दोन्ही ‘होगा’. इथे पण बेटाने फरक मिटवला, मूळ प आणि स. आणि दिशेबद्दल शंका राहिली तर खऱ्या भाषांकडे बघायचं. स चा ह होणं इराणी भाषांत झालंय, सिंधू चा हिंदू असाच झाला, सप्त ला अवेस्ता या पारशांच्या जुन्या ग्रंथाच्या भाषेत हप्त आहे. प चा ह तर शेजारीच आहे, तमिळमध्ये दूध म्हणजे पाल् आणि कन्नडमध्ये हालु, दहा ला तमिळमध्ये पत्तु आणि कन्नडमध्ये हत्तु, गाव म्हणजे तिकडे पळ्ळी आणि इकडे हळ्ळी. ह चा प होणं मात्र असं सहज सापडत नाही. त चा द दोन स्वरांमध्ये? लॅटिन vita सारख्या शब्दांचं स्पॅनिशमध्ये काय झालं ते बघा, वीता ची विदा झाली. क चा च इ-ए च्या आधी? लॅटिनमध्ये शंभरला केंतुम्, इटालियनमध्ये चेंतो. असे नमुने दिसतील तसे वहीच्या मागच्या पानावर जमवत जा, वर्षभरात ते पानच तुमचा सगळ्यात मोठा आधार होतं.

मतदान का फसतं याचं अजून एक कारण. खाडी आणि बेट दोघींनी त चा द केला तो कदाचित वेगवेगळा नाही, दोघी एकत्र असताना एकदाच झाला असेल आणि बेटवाले नंतर वेगळे झाले असतील. तसं असेल तर ती दोन मतं नाहीतच, एकच मत दोनदा मोजलं जातंय.

पायरी ४: नियमांचा क्रम लावा

डोंगर भाषेत तीन गोष्टी घडल्यात. क चा च होतो इ-ए च्या आधी. शेवटचा स्वर पडतो. आणि तिसरी म्हणजे पाणी, मासा, वारा या तिन्हीत खाडी-बेटाला आ आहे तिथे डोंगरात ए आहे: केत्, सेद्, केन्. तिन्हीत शेवटचा स्वर इ होता. म्हंजे पुढच्या अक्षरातल्या इ ने मागच्या आ ला आपल्याकडे ओढून ए केलं आणि मग इ स्वतः पडला. इंग्रजीत फूट-फीट, मॅन-मेन असं जे होतं तेही याच रस्त्याने आलंय, अनेकवचनाच्या प्रत्ययात इ सारखा ध्वनी होता, त्याने मागचा स्वर बदलला आणि मग तो गेला.

आता वाऱ्याचं केन् आणि मातीचं चेन् शेजारी ठेवा. दोन्हीत ए आहे, मग एकात क आणि एकात च का? क्रम लावून बघा. आई *कानि. आधी क-च चा नियम चालला, तेव्हा पुढे आ होता म्हणून क ला काही झालं नाही. मग आ चा ए झाला: केनि. मग इ पडला: केन्. उलट माती *केना, तिच्यात ए पहिल्यापासून, म्हणून चेना आणि मग चेन्. क्रम बदलून बघा, आधी आ चा ए केला तर केनि, मग क चा च, चेनि, चेन्, आणि वारा-माती एकच शब्द झाले असते. स्वर आधी पाडला तर इ उरलाच नसता ओढायला आणि कान् मिळालं असतं. म्हणून क्रम एकच बसतो: च, मग ए, मग स्वर पडणे. पायरी दोनमध्ये जे शब्द नियम मोडतायत असं वाटत होतं त्यांनीच क्रम सांगितला. म्हणून म्हटलं होतं खोडू नका.

शब्दाच्या आधी जी चांदणी लावली ती म्हणजे ‘हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, आपण काढलाय’ अशी खूण. ती सगळीकडे लावा, आपण काय बघितलं आणि काय अंदाजाने उभं केलं यात गल्लत होत नाही.

आता हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दहावीला संस्कृत घेतलं असेल तर कृ चं चकार (त्याने केलं) आणि गम् चं जगाम (तो गेला) आठवत असेल. धातूचा पहिला वर्ण दोनदा येतो, तर मग ककार का नाही, चकार का? कारण त्या पहिल्या अक्षरात फार पूर्वी अ नव्हता, ए होता. ए च्या आधी क चा च झाला, आणि *नंतर* तो ए संस्कृतात अ मध्ये मिसळून गेला. च तेवढा साक्षीदार उरला. आपल्या केन्-चेन् ची अगदी उलटी बाजू. १८७० च्या दशकात युरोपातल्या अभ्यासकांच्या हे लक्षात आलं आणि संस्कृतातले स्वर हेच मूळ स्वर ही समजूत गेली, कारण संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहिणी, त्यांची आई म्हणजे मूळ इंडो-युरोपीय भाषा, आणि ए आणि ओ चा फरक ग्रीक-लॅटिनने ठेवला होता, संस्कृतने मिटवला होता. ऑगस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने १८६८ मध्ये मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्ट त्या मूळ भाषेत लिहून दाखवली होती, त्यात सगळीकडे अ-आ च जास्त आहेत. हा शोध त्यानंतरचा, त्यामुळे पुढे लोकांनी तीच गोष्ट परत वेगळ्या स्वरांत लिहिली.

पायरी ५: पुढून चालवून बघा

आता आईचे शब्द लिहा: *काति, *काबु, *पेता, *सादि, *रोता, *किरा, *केना, *कानि, *पोका, *सोगा, *सुता. आणि प्रत्येकावर प्रत्येक भाषेचे नियम क्रमाने लावून तक्त्यातला शब्द मिळतो का बघा. खाडीला एकच नियम. बेटाला तोच नियम आणि शिवाय सुरुवातीचे प-स चे ह. डोंगरला वरचे तीन. *पोका वरून खाडी पोगा, डोंगर पोक्, बेट होगा, बरोबर. *सादि वरून सादि, सेद्, हादि, बरोबर. एकही शब्द ‘साधारण जमतोय’ म्हणून सोडू नका. शब्द शंभराच्या वर गेले की हाताने कंटाळा येतो, तेव्हा एससीए-टू किंवा लेक्सर्जी सारखी फुकट साधनं ब्राउझरमध्ये वापरा, नियम लिहायचे आणि शब्द टाकायचे. पण पहिले दोन-तीन सराव हातानेच करा, कारण क्रम चुकला की काय बिघडतं ते हाताने केल्यावरच डोळ्याला दिसतं.

मधाचं काय

खाडी मोता, डोंगर मोत्, बेट मोदा. डोंगर आणि बेट बघून आईचा शब्द *मोता, त्यात अडचण नाही. पण खाडीत नियमाने मोदा पाहिजे होतं. एका शब्दासाठी नवीन नियम बनवायचा नाही, हा मोह टाळा. विचार असा करा, मध येतो कुठून, डोंगरातनं. खाडीवाल्यांचा स्वतःचा मोदा कधीतरी मागे पडला आणि डोंगरवाल्यांकडनं मालाबरोबर शब्द पण आला. आला तेव्हा खाडीतला त-द चा नियम चालून संपलेला होता, म्हणून त टिकला. आणि शेवटी आ आहे म्हणजे तोपर्यंत डोंगरवाल्यांनी शेवटचे स्वर टाकलेले नव्हते. बघा, एका उसन्या शब्दाने दोन वेगळ्या भाषांमधल्या घटनांचा आगेमागेपणा सांगितला: आधी खाडीचा द, मग उसनवारी, मग डोंगरची स्वरगळ. मला स्वतःला असले बेशिस्त शब्द सगळ्यात जास्त आवडतात, आणि माझं ठाम मत आहे की सराव बनवताना त्यात निदान एक तरी उसना शब्द टाकावाच.

एकच भाषा हातात असेल तर

बहिणी नसल्या तरी थोडं काम होतं. एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी ठेवायची. मराठीतच बघा: घोडा-घोड्याला, रस्ता-रस्त्याला, पण पैसा-पैशाला, मासा-माशाला, ससा-सशाला. पहिल्या दोघांत प्रत्ययाच्या आधी य ऐकू येतो, बाकीच्यांत य नाही पण स चा श झालाय. म्हणजे इथेही य होता, त्याने स ला श केलं आणि स्वतः त्यात विरघळला, पैस्याला, पैश्याला, पैशाला. कोणत्याही दुसऱ्या भाषेला न विचारता आपण एक जुना टप्पा काढला. कॉनलँगमध्ये अनेकवचनं, भूतकाळाची रूपं दिली असतील तर बहिणींकडे जायच्या आधी हे करून घ्या, बराच गुंता आधीच सुटतो.

जे मिळणारच नाही ते

समजा खिशातल्या मूळ यादीत सूर्य *सुतान् होता आणि तिन्ही भाषांनी शेवटचा न् टाकला. तुम्ही *सुता लिहाल, आणि हातातल्या पुराव्यावरून तेच बरोबर आहे. सराव बनवणाऱ्याने अशा वेळी ‘चुकलं’ म्हणू नये. पण कधी कधी गेलेला ध्वनी मागे वळ सोडून जातो. फर्दिनां द सोस्यूर हा स्विस अभ्यासक एकवीस-बावीस वर्षांचा असताना १८७९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने मांडलं की मूळ इंडो-युरोपीय भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच भाषेत उरले नव्हते, फक्त शेजारच्या स्वरांवर त्यांचा परिणाम दिसत होता. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी याने तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती ही त्याच घराण्यातली भाषा उलगडली, आणि १९२७ मध्ये येझी कुरिलोविच याने दाखवलं की हित्तीमध्ये एक ह सारखा ध्वनी सोस्यूरने सांगितलेल्या जागांवर प्रत्यक्ष लिहिलेला आहे. सोस्यूर तोवर वारला होता. त्यामुळे स्वर विनाकारण लांब झालेला दिसला, किंवा एखादा नियम ठरावीक शब्दांतच अडतोय असं दिसलं, तर तिथे काहीतरी होतं आणि गेलं का हे विचारून बघा.

स्वतःचा पहिला सराव बनवताना

आईला दहा-बारा व्यंजनं आणि पाच स्वर बस झाले. शब्द पंधरा-वीस. प्रत्येक लेकीला दोन ते चार नियम, त्यातला निदान एक फरक मिटवणारा आणि निदान एक अट असलेला. नियम निवडताना खरे घडलेले घ्या, घराजवळचे घेतले तर अजून मजा, उदाहरणार्थ ठाणे. शिलाहारांच्या ताम्रपटात हे गाव श्रीस्थानक म्हणून येतं, आणि प्राकृतात स्थान चं ठाण होतं, सुरुवातीच्या स्थ चा ठ आणि मधल्या न चा ण. हे दोन नियम उचला आणि आपल्या कॉनलँगला लावा, पटण्यासारखे वाटतील कारण खरे घडलेलेच आहेत.

मग तक्ता देण्याआधी एक तपासणी करा, कारण सोडवणाऱ्याचा सगळा वेळ इथे वाचतो. तुमच्या यादीत प्रत्येक फरकाला खोटी अट लागू शकते का ते बघा. वरच्या तक्त्यातनं सूर्याची ओळ काढून टाका आणि परत पायरी दोन करा. आता ‘स ने सुरू होणाऱ्या शब्दांत द-ग, बाकी त-क’ हा नियम हातच्या सगळ्या त-द आणि क-ग वाल्या शब्दांना लागू पडतो, आणि ‘हात’ ची ओळ तेवढी राहिली तर राहिली, तिथे प-ब ची दुसरी जोडीच नाही. सोडवणारा प्रामाणिकपणे तुमच्याहून वेगळ्या आईला पोचेल आणि त्याला तुम्ही चूक म्हणू शकणार नाही. एक सुदा-सुत्-हुदा घातला की ती वाट बंद होते. प्रत्येक फरकासाठी असा एक शब्द घाला, मगच वही समोरच्याच्या हातात द्या.